चतुर्दशीची काडी

निपाणी
८ जून २०२५

चि. अभिनंदन,

घरात मी स्वतःच्या हातानं काय काय केलं ते आधी लिहून काढतो. तू विसरला असशील.

सागवानी पाट, पाच. स्वयंपाकघरातली दोन फडताळं, एकही खिळा न मारता, खाचा पाडून बसवलेली. माडीचा जिना, चौदा पायऱ्या, प्रत्येक पायरी सात इंच. टेप लावून बघ, सूतभर फरक निघाला तर मला सांग. न्हाणीचं पाणी केळींना नेणारी पन्हळ, दहा फुटाला एक इंच उतार देऊन. अठरा वर्षांत एकदा तुंबली नाही. कारल्या-दोडक्याचा मांडव. तुझ्या आईचा शेवयांचा पाट. झोपाळा (कड्या कोल्हापुरातनं विकत आणल्या, त्या मी धरत नाही). सौम्याचा पाळणा, आणि मागनं तिचा घोडा. आणि परसात विहिरीच्या अंगाला खोबऱ्या आंब्याचं कलम.

यातलं मला कुणी शिकवलं नाही. नववीत शाळा सुटली. तंबाखूच्या वखारीत काटा धरला, तिथली बंद पडलेली मोटर उकलून किती वेढे आहेत ते मोजत मोजत रिवाइंडिंग शिकलो. आज चिकोडीपर्यंतची माणसं मोटर बांधायला माझ्याकडं येतात. मगदुमाचा वेढा एक कमी नाही, एक जास्त नाही, असं म्हणतात. हे मी माझ्या तोंडानं सांगायला नको, पण घरातलीच विसरली की सांगावं लागतं.

तर तुझ्या बायकोनं यादीतली शेवटची वस्तू मोबाईलवर स्वतःच्या नावावर करून टाकली. तिचं ते चॅनल, ‘आमच्या घरचं परस’. चार वर्षं चाललं होतं. जुन्या साड्यांची पायपुसणी, मेथीची वाफी, तोरणं. मी कधी अडवलं नाही. माझा मांडव, माझे पाट, माझी पन्हळ तिनं चाळीस हजार लोकांना दाखवली, तरी अडवलं नाही. मे महिन्यात आंब्याला पहिली फळं आली, नऊ. ती फळं हातात धरून ती म्हणाली, “हे कलम मी बांधलेलं आहे.” एवढं म्हटल्यावर मी गप्प बसायचं?

मी त्या व्हिडिओखाली लिहिलं ते इथं पुन्हा उतरवतो, म्हणजे कुणी वाढवून सांगायला नको. “सदर कलम आप्पाण्णा भूपाल मगदूम यांनी स्वहस्ते बांधलेले आहे. सुनेने लोकांची दिशाभूल करू नये.” एवढंच. त्याच्याखाली लोकांनी तिला खोटारडी म्हटलं, सासऱ्याच्या जिवावर नाव मिळवणारी म्हटलं, आणखी जे काय म्हटलं ते म्हणायला मी सांगितलेलं नव्हतं. तिच्या आईला बेळगावात कुणीतरी ते वाचून दाखवलं, तेही माझं काम नव्हे.

एक तारखेला तुम्ही निघालात. टेम्पोत सामान चढलं, सौम्या पुढं बसली, आणि तू दारात उभा राहून मला म्हणालास, “आप्पा, कलम कुणी बांधलं ते तुमास्नी ठावं हाय. जिथं लिवलासा तिथं खरं लिवा. मग आमी येतो.” बाप आणि मुलगा यांच्यात अटी घालायची पद्धत आपल्या घरात तू सुरू केलीस.

फोन तू उचलत नाहीस. मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या तर काय होतं ते आता बघितलंय, म्हणून पत्र. हिंडलग्याच्या तुमच्या नव्या घराचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिनं तो देताना माझ्याकडं बघितलं नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. फडताळाच्या वरच्या खणात तुझं पॅनकार्ड राहिलं आहे. रजिस्टरनं पाठवू का?


निपाणी
१९ जून २०२५

चि. अभिनंदन,

तुझं उत्तर मिळालं. आईच्या मोबाईलवर. “पत्र मिळालं. कलमाचं काय?” चार शब्द. पॅनकार्डाचं तेवढं तू लिहिलं नाहीस.

कलमाचं काय ते सांगतो. नीट वाच.

सदलग्याला माझ्या आजोळच्या बांधावर खोबऱ्याचं झाड होतं ते तुला आठवत असेल. कैरी खोबऱ्यासारखी करकरीत, बाठा पातळ, आणि लोणचं दोन वर्षं ठेवलं तरी फोड मऊ पडत नाही. अख्ख्या तालुक्यात तसलं दुसरं झाड मी बघितलं नाही. २०२२ सालात रस्ता रुंद करायचं निघालं आणि झाडावर चुना मारला. मला कळलं तेव्हा मी ठरवलं की झाड गेलं तर गेलं, जात जाता कामा नये.

बारा कोयी मी आदल्या वर्षीच पिशव्यांत लावल्या होत्या. बारा खुंट तयार होते, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, एकसारखे. सदलग्याला जाऊन, डोळे फुगावेत म्हणून, खुंटावर जोडायच्या काड्यांची पानं मी खुडून आलो, दहा दिवस आधी, पुस्तकात सांगितल्याप्रमाणं. पिशव्यांतली माती माझी: दोन भाग लाल, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. खुंटाला पत्र्याच्या पट्ट्या बांधल्या, त्यावर खिळ्यानं ठोकून नंबर, एक ते बारा. पुढं खड्डा मी खणला, तीन बाय तीन बाय तीन. कुंपण मी केलं. तीन उन्हाळे पाणी मी घातलं. बारा कलमांपैकी अकरा

अकरा मी बांधली. बारावं तिनं. झालं समाधान?

पण हे विचार. माझ्याकडं एखादा मोटर घेऊन येतो. तांब्याची तार मी घेतो, इन्सुलेशन मी घालतो, वेढे मी मोजतो, वॉर्निश मी देतो, आणि शेवटी दुकानात बसलेल्या एखाद्यानं दोन टोकं जोडली. मोटर कुणी बांधली म्हणायची?

हा प्रश्न मी तुझ्या आईलाही विचारला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “पाळणा तुमी केलता, म्हणून सौम्या बी तुमालाच झाली म्हणायचं व्हय?”

मी उठून परसात गेलो. तिनं हाक मारून पुन्हा सांगितलं की दिवस मावळायला आलाय, जेवून घ्या, रात्री मागू नका. म्हणजे बोलायचं तेवढं बोलून जेवायलाही तीच बोलावणार.

शाळा सुरू झाली असेल. सौम्याला कुठल्या शाळेत घातलं? कन्नड पहिल्यापासून आहे का? तिला अंकांत गती आहे, पाढे पाठ करून घे, मोबाईल देऊ नकोस.

आप्पा


निपाणी
११ जुलै २०२५

चि. अभिनंदन,

काल पौर्णिमेला अष्टाह्निक पर्व संपलं. आठ दिवस एकभुक्त होतो. बस्तीत जिनदर्शनाला गेलो की रोज कुणीतरी विचारायचं, सूनबाई दिसत नाहीत, नातीची शाळा का? मी म्हणायचो, व्हय, शाळा. बस्तीत उभा राहून आठ दिवस खोटं बोललो, आणि ते तुमच्यामुळं.

आता मी जे लिहितो ते तुझ्यासाठी. रूपालीला वाचून दाखवू नकोस.

तुला ठाऊक आहे की या आठ दिवसांत मी हिरवं तोडत नाही. आपल्याकडं लोक अष्टमी-चतुर्दशीला पाळतात. मी आईच्या मागं पर्वाचे आठही दिवस पाळतो, बावीस वर्षं झाली. पान नाही, देठ नाही, मांडवावरचं दोडकं जून झालं तरी नाही. २०२२ साली आषाढ शुद्ध सप्तमीला निरोप आला की सदलग्याच्या झाडाच्या फांद्या उतरवायला माणसं आठवड्यात येणार. दुसऱ्या दिवसापासून माझा नेम. म्हणून सप्तमीलाच सदलग्याला गेलो आणि काड्या कापून आणल्या. बारा कापायच्या होत्या, एक वाकडी निघाली, ती टाकली. अकरा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवल्या. बांधायचं म्हटलं तर खुंटाचा हिरवा शेंडा छाटावा लागतो, तेही नेमात बसत नव्हतं. आठ दिवस काडी राहते, असा माझा हिशेब होता. गोणपाट ओलं ठेवलं तर राहते. मी वाचलं होतं.

राहत नाही. चार दिवस फार तर.

त्रयोदशीला संध्याकाळी मी गोणपाट उघडून बघितलं. काड्यांची टोकं काळी पडली होती, साल बोटाला बुळबुळीत लागत होती. मी पुन्हा गुंडाळून ठेवलं. रूपाली चुलीपाशी होती. तिनं बघितलं. मी काय बघितलं तेही तिनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चतुर्दशीला, मी पूजा करून बस्तीतनं आलो तर स्कूटर नव्हती. पाऊस धो धो. तुझी आई म्हणाली, सदलग्याला गेलीय. अकरा वाजता आली, नखशिखांत भिजलेली, आणि पदराखाली एक काडी. एकच. बाकीच्या उंच होत्या, हाताला लागल्या नाहीत म्हणाली. बाराव्या पिशवीचा खुंट रिकामा होता. तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसून तिनं खुंट छाटला, काडीला पाचर काढली, बसवली, पट्टी गुंडाळली, वरून पेप्सीकांडीची रिकामी पिशवी घातली. पाचर दीड इंच हवी, तिनं सव्वाच काढली. पट्टी खालनं वर गुंडाळायची असते, तिनं वरनं खाली गुंडाळली. मी उभा राहून बघत होतो.

मी म्हटलं, “आज चतुर्दशी आहे. चतुर्दशीला तू हिरवं तोडलंस. दोनदा.”

ती म्हणाली, “मामा, नेम तुम्ही घेतलाय. झाडानं नाही.”

सासऱ्याला असं बोलतात का? तूच सांग. आवाज चढवला नव्हता, तेवढं खरं. हात पुसले आणि आत भाकरी करायला गेली.

नेम संपल्यावर मी अकरा बांधली. दीड इंच पाचर, खालनं वर पट्टी, एकसारखी. त्याच दिवशी सदलग्याला फांद्या उतरवल्या. म्हणजे आणखी काडी मिळायची सोय राहिली नाही. जानेवारीत बुंधाही गेला.

तीन आठवड्यांनी बाराव्याला तांबूस पानं फुटली. माझ्या अकरांतलं एकही धरलं नाही.

हे मी लिहिलं कारण तू विचारलंस. आता मी विचारतो. बस्तीत लोकांना मी काय सांगायचं होतं? मगदुमांच्या परसात आंबा आहे तो त्यांच्या सुनेनं चतुर्दशीला, पर्वात, तोडून आणलेल्या काडीचा आहे? तिला कुणी नावं ठेवली नसती? मी माझं नाव पुढं केलं त्यात तिचाही बचाव होता. याचा विचार तुम्ही दोघांनी एकदा तरी केला का?

आणि तीन वर्षं तीही गप्प होती. लोक येऊन कलम बघायचे, आण्णा, हाताला गुण आहे म्हणायचे, ती चहा द्यायची. मग मे महिन्यातच काय झालं होतं तिला?

आप्पा


निपाणी
२७ जुलै २०२५

चि. अभिनंदन,

तुझं दोन पानी पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही.

मे महिन्यात काय झालं होतं ते तू लिहिलंस. मला ठाऊक नव्हतं. संकेश्वरकडच्या कुणा बाईनं तिला विचारलं होतं की बाईच्या हातचं कलम धरत नाही असं आमच्या घरात म्हणतात, मला बांधायचंय, बांधू का? आणि त्यावर ती म्हणाली की धरतं, हे मी बांधलेलं आहे. मी व्हिडिओ बघितला तो पुढनं बघितला. प्रश्न आधी होता. असलं अर्धवट बघायची माझी सवय नाही. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं.

त्या बाईनं कलम बांधलं का पुढं? मी लिहिलेलं तिनंही वाचलं असेल.

तू लिहितोस की रूपालीनं चॅनल बंद केलं, सगळे व्हिडिओ काढून टाकले. मी आईच्या मोबाईलवर बघितलं, खरंच नाहीत. दोनशे बारा होते. तुला वाटत असेल मला काय माहीत. सगळे बघितलेत मी, दुकानात दुपारी. दोनशे बारांपैकी एकसष्ट ठिकाणी ती म्हणाली होती, “हे आमच्या मामांनी केलंय.” जिन्याच्या वेळी तर टेप लावून सात इंच दाखवले होते. मी सांगितलं नव्हतं दाखवायला. एकसष्ट वेळा तिनं माझं नाव घेतलं आणि एकदा तिचं स्वतःचं. मोजायची खोड वाईट. एखादा आकडा नंतर सोडत नाही.

तू म्हणतोस, आता लिहायची गरज नाही, आमचं इथं बस्तान बसलंय. बरोबर. जिथं लिहिलं तिथं लिहा म्हणाला होतास, आता ते ‘तिथं’ राहिलंच नाही. ज्यांनी वाचलं ते आपापल्या घरी गेले, तिला खोटारडी समजून. त्यांना मी कुठं गाठू? घरोघर पोस्टकार्ड टाकू?

आणखी एक. बाराव्या खुंटाला पालवी फुटली तेव्हा त्याची पत्र्याची पट्टी मी काढून टाकली. नंबर दिसू नये म्हणून. हे कुणी बघितलं नव्हतं. तुझ्या आईनंही नाही, आणि तिला सगळं दिसतं.

घरात बोलणं कमी झालंय. तुझी आई दोन माणसांच्या भाकरी करते आणि तिसरी चुकून होते. मग ती मलाच खायला लावते. साक, पुरे म्हटलं तरी ऐकत नाही.

आप्पा


निपाणी
१७ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रूपाली हीस,

आजपर्यंतची पत्रं अभिनंदनला लिहिली आणि त्याला बजावलं की तुला वाचून दाखवू नको. तुझी सासू राजमती म्हणते, त्यानं पहिल्याच दिवशी दाखवली असणार. तसं असेल तर तुला सगळं ठाऊक आहे. नसेल तर त्याच्याकडनं मागून घे. तिसरं पत्र वाच, बाकीची वाचली नाहीस तरी चालेल.

सासऱ्यानं सुनेला पत्र लिहावं असं काही आमच्यात नाही. कसं लिहितात ते मला येत नाही, म्हणून जे झालं ते क्रमानं लिहितो.

गेल्या रविवारी, दहा तारखेला, सकाळी नऊच्या सुमाराला चिकोडीकडचे मारुतीराव आले. त्यांची नर्सरी आहे, मोठी, शेडनेटच चार एकर. बरोबर आपल्या बस्तीचे पुजारी कुमार उपाध्ये होते, त्यांनीच आणलं होतं. बस्तीत कधीतरी मी त्यांना नऊ फळांतलं लोणचं दिलं होतं, ते त्यांनी मारुतीरावांना चाखवलं. मारुतीराव बोलणारा माणूस. परसात आल्या आल्या मांडवाखालनं वाकून म्हणाले, “आण्णा, मांडव हाय का देऊळ?” मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कलम त्यांनी चारी बाजूंनी बघितलं. जोड बघितला, बोट फिरवलं. म्हणाले, जोड जरा आखूड हाय, पण धरलाय झकास. मग बसून सांगितलं. सदलग्याचं मूळ झाड गेलं, या जातीचं आता जगात हे एकच. पुढच्या आषाढापासून काड्या त्यांना हव्यात. जात सरकारदरबारी नोंदवायची, लोणच्याच्या कारखानदारांशी त्यांचं बोलणं झालंय. जातीला नाव माझं. ‘आप्पाण्णा’. नर्सरीच्या दाराशी पाटी, त्यावर माझा फोटो, नववी शिकलेल्या माणसानं वाचवलेला आंबा म्हणून. कागद ते तयार करूनच आले होते. त्यात एक वाक्य होतं, मी तीनदा वाचलं: “सदर कलम मी स्वतः बांधलेले असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही.”

मे महिन्यात मी जे लिहिलं होतं ते जवळजवळ याच शब्दांत होतं. या खेपेला खाली सही करायची होती.

राजमती चहा घेऊन आली आणि ट्रे धरून तिथंच थांबली. ती कधी थांबत नाही, तुला माहीत आहे.

मी म्हटलं, हे कलम माझं नाही. माझ्या सुनेचं आहे. मी अकरा बांधली, अकरा गेली. तिनं एक बांधलं, हे ते.

मारुतीराव हसले. त्यांना वाटलं मी दर वाढवायला बघतोय. उपाध्ये मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मग तीन वर्षं तुम्ही सांगत होता ते काय? मी म्हटलं, खोटं सांगत होतो. आणि अर्धं सांगायचं नाही म्हणून पुढंही सांगितलं: पर्वात, चतुर्दशीला, काडी तोडून आणली होती. माझ्या काड्या कुजल्या हे मी लपवलं, ते तिला दिसलं, म्हणून ती गेली. दोष लावायचा तर माझ्याकडं लावा. उपाध्ये म्हणाले, “तिच्या काडीचं प्रायश्चित्त लहान हाय, आप्पाण्णा. तुमचं मोठं हाय.” काय आहे ते त्यांनी सांगितलं, मी करतो आहे. ते तुला सांगायचं कारण नाही.

मारुतीराव समजूतदार माणूस. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, “आण्णा, घरातलं घरात ऱ्हाऊ द्या की. कागदावर तुमचंच नाव. सून तरी कुणाची? तुमचीच न्हवं?”

मी म्हटलं, होती.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. सुनेची सही आणा, नाव तिचं घालू, मला काय, मला काड्या हव्यात. मी म्हटलं तेही नाही. तुझ्याकडं सही मागायला यायचं तोंड मला नाही, आणि आलो असतो तर तू दिली असतीस, हे मला माहीत आहे. तू न बोलता देतेस. तुझी ती खोड मी तीन वर्षं वापरली.

संध्याकाळपर्यंत गावात झालं. सोमवारी बस्तीत एकानं विचारलं, म्हंजे आमी तीन वरसं कुणाच्या हाताला वानत होतो, आण्णा? बाकीचे हसले. दुकानातही एक जण मोटर न्यायला आला आणि म्हणाला, वेढे तुमीच मोजलेसा का सुनेनं? मी पावती फाडून दिली. पुढंही ऐकावं लागेल. हे मी तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुला चाळीस हजारांनी म्हटलं, मला चाळीस म्हणतायत.

अभिनंदननं आईला फोनवर सांगितलं की तुला तिथं एका शाळेत नोकरी लागली, मुलांना हस्तकला शिकवायची. आणि तू म्हणालीस की आंब्यावर नाव नको, मामांचं असू दे, मला फक्त खोटी म्हणू नका. राजमतीनं ते मला भाकरी वाढता वाढता सांगितलं. त्या दिवशी तिनं दोनच केल्या होत्या.

परत ये असं मी लिहीत नाही. अट तुमची होती, ती वेळेत पुरी झाली नाही. वेळ गेल्यावर केलेलं काम धरत नाही, हे मला दुसऱ्यानं सांगायला नको. तुमचं तिकडं नीट चाललंय तर चालू द्या.

पण नोंद हवी. माझ्या पद्धतीनं लिहितो.

जात: खोबऱ्या. मूळ झाड: सदलगा, आता नाही. काडी तोडणार आणि कलम बांधणार: सौ. रूपाली अभिनंदन मगदूम. तिथी: आषाढ शुद्ध चतुर्दशी, जुलै २०२२, सकाळी अकरा ते साडेअकरा. पाचर: सव्वा इंच. पट्टी वरनं खाली. पाहणारा: आप्पाण्णा भूपाल मगदूम.

ही नोंद मी दोन प्रतींत केली आहे. एक यासोबत, एक घरच्या कागदांत, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर. कलमाला मी यंदा हात लावलेला नाही, फक्त पाणी. काड्या कुणाला द्यायच्या, द्यायच्या की नाही, ते तू ठरव. माझ्या मागं कुणी विचारलं तर ही नोंद दाखव.

मारुतीराव परवा पुन्हा फोन करून बघत होते. आता कुणी विचारलं की आप्पाण्णाला काय मिळणार होतं, तर चुकीचा आकडा फिरू नये म्हणून लिहून ठेवतो. जातीला माझं नाव, दाराशी फोटोची पाटी, पाच वर्षं काड्यांचा हक्क त्यांचा, आणि कागदावर माझी एक सही. मी नको म्हटलं. रक्कम चार लाख साठ हजार रुपये होती.